मिरजगावचं स्थळ आणि कोपऱ्यातलं भोक

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी जो घोटाळा झाला, त्याचं खापर मी गेली पन्नास वर्षं एका उंदरावर फोडत आलो आहे. उंदीर निर्दोष होता.

तो आता हयात नाही, त्यामुळे त्याची माफी मागायची सोय उरलेली नाही. ज्यांच्याशी मी खोटं बोललो ते माझे वडील, अण्णा, तेही जाऊन बराच काळ लोटला. पण उतारवयात माणसाचं काही सांगता येत नाही. मोठमोठी पापं तो ढेकर देऊन पचवतो आणि एखादा उंदीर घशात अडकून बसतो! तेव्हा एकदा सगळं जसं झालं तसं सांगून मोकळा होतो.

पारनेरला आमचं लुगड्यांचं दुकान होतं. ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची. पंचक्रोशीतली लग्नं जमली की बस्ता बांधायला मंडळी आमच्याकडे यायची. मुलाकडचे गादीच्या एका कडेला, मुलीकडचे दुसऱ्या कडेला, मधे लुगड्यांचा ढीग आणि ढिगामागे अण्णा. सकाळी हसतखेळत आलेली माणसं दुपारपर्यंत मानाच्या लुगड्याच्या काठावरून हमरीतुमरीवर यायची. माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा म्हणतात. काही गरज नाही. त्याच्याबरोबर बस्ता बांधायला बसावं! कोण हिशेबी, कोण दिलदार, कोणती विहीण कशावरून रुसते, हे अण्णांना त्या त्या घरच्या सुनांच्याही आधी कळायचं.

साहजिकच लोक स्थळांची चौकशी करायला अण्णांकडे यायचे. पण अण्णांचं एक तत्त्व होतं. "आपल्या दुकानात माणूस अंग झाकायला येतो. त्याला उघडं पाडायचं न्हाई." म्हणून ते कुणाबद्दल वाईट बोलत नसत. स्थळ चांगलं असलं तर म्हणायचे, "चहा घ्या." स्थळ बरं नसलं तर नुसते खोकायचे. बस्स! विचारणारा काय ते समजायचा आणि चहा न घेता उठायचा.

ही पद्धत अनेक वर्षं बिनबोभाट चालली. काही लिहायचं नाही, काही जपायचं नाही, चोरीला जायचं तर नावच नाही. पण त्या वर्षी थंडीत अण्णांना खरोखरचा खोकला झाला.

हाहाकार उडाला! सुपे, निघोज, कान्हूर, सगळीकडची जमत आलेली लग्नं फिसकटली. एक गृहस्थ तर नुसते सुतळी मागायला आले होते. बोलताना त्यांनी सहज व्याह्यांचं नाव काढलं, अण्णांना उबळ आली, आणि गृहस्थ सुतळी तिथेच टाकून साखरपुडा मोडायला गेले. शेवटी आई म्हणाली, "अवो, तुमी आता दुकानात बसू नका. तालुक्यात एक पोरगी उजवायची न्हाई."

इथे मी पुढे सरसावलो. (मी पुढे सरसावलो, हे वाक्य आमच्या घराण्याच्या इतिहासात जिथे जिथे येतं, तिथून पुढचं पान जरा जपून वाचावं.) मी तेव्हा नगरला एका कचेरीत कारकून होतो आणि नुकताच पुण्याला आठवडाभराचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. तिथे मी एक अद्भुत वस्तू पाहिली होती. काठाला भोकं पाडलेली कार्डं!

आज नातवंडं बोटाच्या टोकावर हवी ती माहिती काढतात. तेव्हाची पद्धत अशी होती. प्रत्येक स्थळाचं एक कार्ड. सगळ्या कार्डांच्या काठाला सारखी भोकं, आणि प्रत्येक भोकाला एक अर्थ. समजा पहिलं भोक म्हणजे मॅट्रिक पास. मग जो मॅट्रिक पास असेल त्याच्या कार्डावर त्या भोकापासून काठापर्यंत कात्रीने चीर द्यायची. आता सगळी कार्डं एकत्र धरा, पहिल्या भोकांतून लांब सुई घाला आणि उचला. नापास ते सुईला लटकून राहतात, पास झालेले खाली पडतात. आहे की नाही चमत्कार?

मी घरात हे करून दाखवलं. अण्णांनी चष्मा पुसला.

"म्हंजी चांगली स्थळं खाली पडत्यात?"

"हो."

"आन् नको ती वर ऱ्हात्यात?"

"हो, तीच तर गंमत आहे!"

"जगात सगळीकडं असंच चाललंय," अण्णा म्हणाले. "त्याला पुण्याला कशाला जायला पायजे?"

मग कोणती पद्धत घ्यायची यावर घरात बैठक बसली. शेजारचे रज्जाकभाई शिंपीही हातातला ब्लाउज घेऊन येऊन बसले, कारण आमच्या घरातली कुठलीही बैठक त्यांच्याशिवाय कायदेशीर धरली जात नसे. सरळ एक वही घालावी, असं माझी बायको सुमन म्हणाली. आई म्हणाली, वही कुणीही उघडतं. मी म्हटलं, नगरहून लोखंडी कपाट आणू. त्यावर अण्णा म्हणाले, "कपाटाला कुलूप दिसलं की मानसाला आत काय हाय ते बघावंसं वाटतं. माझ्या खोकल्याला कधी कुलूप बघितलं व्हय?"

"म्हणून तर कार्डं म्हणतोय मी!" मी छाती पुढे काढली. "यात सुरक्षितता अंगातच आहे. कार्डावर नाव नाही, नुसता आकडा. कोणतं भोक कशाचं हे कुठेही लिहिलेलं नाही. उद्या चोराने पेटीच उचलून नेली तरी त्याला काही कळणार नाही."

"चोराला न्हाई कळनार," अण्णा म्हणाले. "आन् आपल्याला?"

"माझ्या डोक्यात आहे की सगळं."

घरात एक अवघड शांतता पसरली. माझ्या डोक्याबद्दल सगळ्यांच्या मनात काय होतं ते त्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं. रज्जाकभाई ब्लाउजकडे बघत म्हणाले, "बरं, ही सुई कुठं मिळती?"

"विणकामाची सुई चालते. सुमनची आहे ना."

"मंग कसली आली सुरक्षितता, मधुकरशेठ? किल्ली तर घरोघरच्या बायांकडं हाय!"

मी हा आक्षेप उडवून लावला. कात्री त्यांचीच हवी होती म्हणून जरा हळू उडवला, इतकंच.

शेवटी अण्णा तयार झाले, पण दोन अटींवर. एक, पेटीला कुलूप असावं आणि ती परक्या माणसासमोर कधीही उघडू नये. दुसरी अट त्यांनी मला आत बोलावून घातली. "त्या कोपऱ्यातल्या भोकाला रुसनारी घरं घाल. पोरीच्या बापाला खरं काय कळायला पायजे आसंल, तर ते हेच. जिमीन इकता येती, घेता येती. रुसवा पिढ्यान् पिढ्या चालतो. पन हे भोक तुला आन् मला ठावं."

आता कार्डांना जाड कागद हवा. बाजारात तो महाग. पण आमच्याकडे गोणीभर लग्नपत्रिका पडल्या होत्या! बस्ता आमच्याकडे म्हणून प्रत्येक घरची पत्रिका आम्हाला यायची. मस्त जाड कागद, एक बाजू कोरी. मी विचार केला, ज्या घराचं कार्ड त्याच घराच्या पत्रिकेचं केलं तर नावगाव, मामाकाका सगळं समोरच असेल, माहिती भरताना शोधाशोध नको. अक्कल बघा! सुमनने विचारलं, "अहो, पण मागे नाव छापलेलं आहे त्याचं काय? तुम्ही तर म्हणालात नाव नसतं." मी लगेच त्या छापील बाजूवर खळीने पांढरा कागद चिकटवून टाकला. कचेरीतलं पंचिंग मशीन (साहेबांना न विचारता) रविवारी घरी आणून भोकं पाडली. रज्जाकभाईंनी काजं कापायच्या कात्रीने चिरा दिल्या. चिरा कशाच्या हे त्यांना कळू नये म्हणून मी नुसते आकडे सांगायचो, आणि ते प्रत्येक चिरेला "बिसमिल्ला" म्हणायचे.

पंधरवड्यात यंत्रणा उभी राहिली. आणि नेमकं त्याच सुमाराला माझ्या बहिणीला मिरजगावचं स्थळ सांगून आलं.

सांगून आलं म्हणजे, तिनेच ते यायला लावलं होतं. कुसुम आणि मिरजगावचा वसंता हे दोघं नगरला मास्तरकीच्या ट्रेनिंगला बरोबर होते. ही आमची कुसुम आधी आलेल्या प्रत्येक स्थळाला काही ना काही नाव ठेवायची. कुणाचं नाक, कुणाचा आवाज, एकाचं तर गावच आवडलं नाही. मिरजगाव म्हटल्यावर मात्र ती एकदम गप्प झाली आणि तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालायला गेली. आई काय ते समजली.

अडचण एकच होती. वसंताची आई द्वारकाबाई! त्यांची थोरली सून आमच्या भागातली, त्यामुळे तो बस्ता आमच्याच दुकानातला. त्या लग्नात नवरदेवाच्या आत्याच्या लुगड्याचा काठ आपल्या काठापेक्षा बोटभर रुंद आहे, हे ध्यानात आल्यावर बाई जाऊन वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये बसल्या होत्या. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, बाई ट्रकमध्येच! अण्णांनी हे कुसुमला स्पष्ट सांगितलं.

"रुसू देत की," कुसुम म्हणाली. "त्यांना मनवायचं ते मी बघेन. पण अण्णा, कुणी विचारायला आलं तर तुम्ही मात्र खोकू नका."

अण्णांनी खडीसाखर तोंडात ठेवली आणि मंडळींना बोलावणं धाडलं.

मंडळी आली. वसंता, त्याचे वडील तात्या आणि द्वारकाबाई. पोहे झाले, चहा झाला, कुसुम येऊन बसून गेली. सगळं इतकं छान चाललं होतं की आईने देवापुढे साखर ठेवली. मग अण्णा तात्यांना आणि वसंताला घेऊन गावातून फेरफटका मारायला गेले. जाताना मला म्हणाले, "बाईंना दुकान दाखव. बाकी कायबी दाखवू नको."

मी दुकान दाखवलं. द्वारकाबाई तयारीच्या गिऱ्हाईक. एकेक लुगडं उचलायचं, दारापाशी न्यायचं, उजेडाकडे धरायचं, वीण बघायची आणि खाली ठेवायचं. कौतुकाचा एक शब्द नाही! मला राहवेना. होणाऱ्या सुनेच्या माहेरचं दुकान म्हणून त्या दुकान बघत होत्या, पण ते दाखवणारा मी कुणी साधासुधा नाही हे त्यांना कसं कळणार?

"काकू," मी म्हणालो, "तुम्हाला एक गंमत दाखवू?"

आतून सुमनने बांगड्या वाजवल्या. आमच्या घरी त्याचा अर्थ 'गप्प बसा' असा होता. मला तो नेहमीच उशिरा ऐकू यायचा.

मी पेटीचं कुलूप उघडलं. भोकं दाखवली, सुई दाखवली, पुणं मधेच दोनतीनदा आणलं. "यात सगळ्या तालुक्यांतली घरं आहेत. पण बघा, आहे कुणाचं नाव? तुम्ही कार्डं हातात घेतलीत तरी तुम्हाला काही कळणार नाही! हवं तर बघा घालून सुई. कुठल्याही भोकात घाला."

आणि द्वारकाबाईंनी सुई हातात घेतली, एवढ्या भोकांवरून नजर फिरवली, आणि घातली ती नेमकी कोपऱ्यातल्या भोकात!

सुई काढून घ्यायला मी हात पुढे केला. पण मग मी मनाला समजावलं, नावं कुठे आहेत? नुसते आकडे तर आहेत. त्यांनी सुई उचलली. फटफट फटफट करत सातआठ कार्डं गादीवर पडली.

"ही कोन?" बाईंनी विचारलं.

"ती... बागायतदार घरं, काकू."

"असं व्हय," म्हणून त्यांनी एक कार्ड उचललं. आणि हाताला जन्माची सवय लागलेली! चार पावलं दाराकडे गेल्या आणि त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं.

पांढऱ्या कागदातून लाल शाईतला गणपती झळकला. त्याच्याखाली, उलटी पण ढळढळीत, सगळी पत्रिका!

"अगं बया!" द्वारकाबाई म्हणाल्या. "ही तर आमच्या रामाच्या लग्नाची पत्रिका! आमी कदी झालो बागायतदार? आमची समदी जिरायत हाय!"

आई धावत आली. तिला भोकाचा अर्थ माहीत नव्हता, पण मुलगा बुडतोय एवढं दिसत होतं. "तसं न्हाई बाई," ती म्हणाली, "ते देवभोळ्या लोकांचं हाय."

द्वारकाबाईंनी दुसरं कार्ड उजेडाकडे धरलं. "ही तिसगावची गंगूबाई. देवभोळी? हिच्या घरात दिवाबी लागत न्हाई!" मग तिसरं. "ही तर पाथर्डीची. लेकाच्या लग्नात हिला पंगतीत मीठ आधी वाढलं न्हाई म्हनून ही..." बाई मधेच थांबल्या. चौथं कार्ड धरलं. "आन् ही! हिच्या नवऱ्याला नारळ लहान दिला म्हनून ही..." पुन्हा थांबल्या. पाचवं कार्ड त्यांनी उजेडाकडे धरलंच नाही. हळूहळू मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मधुकरराव," त्या म्हणाल्या, "हे भोक रुसव्याचं हाय?"

याच क्षणी अण्णा दारातून आत आले. मागे तात्या आणि वसंता. गादीवर पसरलेली कार्डं, उघडी पेटी, बाईंच्या हातातली सुई, हे सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं आणि तोंडातली खडीसाखर त्यांच्या घशात गेली. जो ठसका लागला म्हणता! अण्णा खोकले, खोकले, दाराची चौकट धरून खोकले!

अण्णांच्या खोकल्याचा अर्थ मिरजगावपर्यंत पोचलेला होता.

"घ्या!" द्वारकाबाई कडाडल्या. "आदी कार्डानं पाडलं, आता वरनं खोकून शिक्काबी मारला!"

"पेटी..." अण्णांना कसाबसा श्वास मिळाला, "पेटी कुनी उघडली?"

आणि मी, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, दोन परीक्षा पास, एका लेकराचा बाप, नाकावरचा चष्मा सावरत म्हणालो, "उंदीर असेल, अण्णा."

कुलूप पेटीवर उघडं होतं. किल्ली माझ्या बोटात लटकत होती.

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी बघितला की त्याला. चांगला चष्मा लावल्याला हुता. किल्ली संगं घिऊनच हिंडतो."

एवढं बोलून त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट घेतला, दुकानाच्या पायऱ्या उतरल्या, शेजारच्या रज्जाकभाईंच्या दुकानात गेल्या आणि बाकावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. कार्ड अचूक होतं, याचा एवढा सज्जड पुरावा मला पुन्हा कधी मिळाला नाही!

मग मनवामनवी सुरू झाली. आई सरबत घेऊन गेली, तशीच परत आली. अण्णा हात जोडून गेले, पण बोलायला तोंड उघडलं की त्यांना खोकला यायचा, म्हणून त्यांना परत आणावं लागलं. रज्जाकभाईंनी "वैनी, मशीनवर उजेड येत न्हाई, जरा सरकून रुसता का?" असं अदबीने विचारलं. बाई सरकल्या, पण रुसवा सरकला नाही. तात्या मात्र निवांत होते. त्यांनी चंची काढली. "बसू द्या," ते मला म्हणाले. "सवय हाय आपल्याला. निस्तं ट्रक सापडला न्हाई हेच नशीब."

वसंता खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात कुसुमला पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. "दादा," ती म्हणाली, "तुला आयुष्यात एकदा तरी, फक्त एकदा, काही दाखवायचं नाही असं जमलं नसतं का रे?" त्या दिवशी मला जे काही बोललं गेलं त्यात हेच तेवढं अजून आठवतं.

मग तिने पदर खोचला, कार्डांचा गठ्ठा आणि सुई उचलली आणि सरळ रज्जाकभाईंच्या दुकानात गेली. आम्ही सगळे मागोमाग.

"काकू," ती भिंतीकडे तोंड केलेल्या बाईंना म्हणाली, "तुमच्या घराचं कार्ड आमच्याकडे आहे. आमच्या घराचं नाही. ही लबाडी झाली. तुम्हीच करा आमचं कार्ड."

बाईंनी मान वळवली नाही, पण एक कान वळला.

"वहिनी, तुमच्या लग्नाची पत्रिका आण," कुसुम म्हणाली. सुमनने ट्रंकेतून आमची पत्रिका आणली. भोकं पाडायला यंत्र नव्हतं, रज्जाकभाईंनी आरीने पाडली. कात्री कुसुमने द्वारकाबाईंच्या हातात दिली. "विचारा हवं ते. जे खरं असेल तिथे चीर द्या."

बाई हळूच वळल्या. कात्रीत बोटं घातली. बायकांच्या हातात कात्री आली की रुसवा निम्मा उतरतो, हे मी तिथे शिकलो.

"पोरीला सैपाक येतो?"

"भाकरी चांगली. पुरणपोळी फाटते," कुसुम म्हणाली.

बाईंनी अर्धी चीर दिली. "घरात कोन तापट हाय?"

"मीच," आई म्हणाली. कच्च!

"कोन फुशारकी मारतं?"

सगळे माझ्याकडे वळले. कच्च!

"आन् ह्या भोकाचं काय?" बाईंनी कात्री कोपऱ्यावर ठेवली. "तुमच्यात कुनी रुसत न्हाईत म्हना. समदे संत."

"नाही, आमच्यात कुणीच..." मी सुरुवात केली.

"आहेत की," सुमन म्हणाली.

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिला बहुधा ते उशिरा दिसलं.

"आमच्या लग्नात," ती शांतपणे सांगू लागली, "कानपिळीच्या वेळी माझ्या भावाने ह्यांचा कान जरा जोरात पिळला. तशी रीतच आहे, बहीण देतोय म्हणून. तर हे बोहल्यावरून उठले आणि आमच्या गोठ्यात जाऊन बसले. मुंडावळ्यांसकट! म्हशीच्या शेजारी. माझे वडील मनवायला गेले, मामा गेले, भटजी गेले. शेवटी माझ्या भावाने स्वतःचा कान पुढे केला, ह्यांनी तो पिळला, तेव्हा कुठे हे परत आले."

रज्जाकभाईंचं मशीन थांबलं. तात्यांच्या हातातला चुना तसाच राहिला. अण्णा छताकडे बघत होते. त्यांना तेव्हा मांडवात ही गोष्ट आम्ही "नवरदेवाला भोवळ आली" अशी सांगितली होती.

"गोठ्यात?" द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला.

"म्हशीने मुंडावळ्या खाल्ल्या," सुमन म्हणाली.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. चांगली लांबलचक चीर दिली. कच्चss! मग आमचं कार्ड त्यांनी गठ्ठ्यात घातलं, स्वतःच्या घराचं घातलं, कोपऱ्यातल्या भोकात सुई घातली आणि उचलली. बाकीच्या रुसणाऱ्या कार्डांबरोबर ती दोन्ही कार्डं पडली. त्यांचं खाली, आमचं त्याच्यावर.

आणि द्वारकाबाई जे हसल्या! बाकावरून घसरायच्या बाकी राहिल्या. पदर तोंडाला लावून, डोळे पुसत हसल्या. "अवो," त्या तात्यांना म्हणाल्या, "आमी निदान ट्रकमदी बसलो. हे गडी म्हशीपाशी! आपल्यापरीस वरचं घरानं हाय. इथंच पोर द्यायचं."

"पोर घ्यायचीय आपल्याला," तात्या म्हणाले.

"तेच ते. कुसुम, चहा टाक गं."

अण्णांनी दीर्घ श्वास घेतला. कुणीही खोकलं नाही.

पेटी अण्णांनी दुसऱ्या दिवशी बंबात घातली आणि जुन्या पद्धतीवर परत आले. थंडीत तेवढं दुकान आई सांभाळायची. नातेवाइकांत चौकशी झाली तेव्हा अण्णा गंभीरपणे सांगायचे, "उंदरानं पेटी कुरतडली." मी मान डोलवायचो. त्यांनी खरंच विश्वास ठेवला, की लेकालाही उघडं पाडायचं नाही म्हणून तसं सांगत राहिले, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

लग्न वैशाखात झालं. सगळ्यांच्या नजरा द्वारकाबाईंवर. पण बाई कसल्या रुसतात! आत्याच्या लुगड्याचा काठ यंदा दोन बोटं रुंद होता, तरी त्या कंबरेला पदर खोचून पंगतीत तूप वाढत होत्या. कानपिळीची वेळ आली. मान माझा, सख्खा भाऊ मी! मी बाह्या सरसावून पुढे झालो, तर द्वारकाबाई म्हणाल्या, "ह्यांना नगं. ह्यांच्या मनात जुना कान हाय. चुलतभावाला बोलवा." आणि आमचीच माणसं, आई, सुमन, प्रत्यक्ष नवरी, एकमुखाने म्हणाली, "हो, हो, चुलतभावाला बोलवा!"

मी मांडवातून बाहेर पडलो. गोठा जवळपास नव्हता, म्हणून रज्जाकभाईंच्या दुकानात जाऊन बाकावर बसलो, भिंतीकडे तोंड करून. ते स्वतः मांडवात होते. मी वाट बघितली. आता आई येईल. नाही तर सुमन. निदान वऱ्हाडातलं कुणी तरी. बाहेरून जाणारी माणसं आत डोकावायची, "हां, हां, बसा बसा," असं मायेने म्हणायची आणि जेवायला जायची. कार्डावर ज्याची एवढी लांब चीर, त्याला मनवायला कोण वेळ घालवतो?

शेवटची पंगत उठायच्या सुमाराला मीच माझी समजूत काढली. ती काढायला फारसं बोलावं लागलं नाही. एकदा पोटात कावळे ओरडले, तेवढ्यावर भागलं. मांडवात जाऊन पाटावर बसलो तर वाढपी म्हणाला, बुंदी संपली. हा अपमान मोठा होता. उठून पुन्हा बाकावर जाऊन बसावं असं फार वाटलं. पण आमटी गरम होती, म्हणून आधी भात मागून घेतला.